दुधाशिवायचं फ्रूट सॅलड, तीन वाट्यांपुरतं



फ्रूट सॅलड म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच पदार्थ येतो. पिवळसर, व्हॅनिलाच्या वासाचं, थंडगार कस्टर्ड आणि त्यात सफरचंद, केळं, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे. लग्नाच्या पंगतीत गरम पुरीबरोबर वाढलं की वाढप्याला परत हाक मारावीशी वाटते. नाव फळांचं असलं तरी त्यात निम्म्याहून जास्त दूधच असतं. दूध काढून घेतलं तर आपल्या फ्रूट सॅलडमध्ये उरतं काय, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो नातीमुळे.

नात पुण्याला शिकते. दीड वर्षापूर्वी तिनं दूध, दही, तूप, लोणी, पनीर सगळं सोडलं. मध तर आपल्याकडे कुणी खातच नाही. तिच्या पिढीत याला व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. दूध आणि अंडीही न खाणाऱ्या तिथल्या काही शाकाहारी लोकांनी स्वतःसाठी तो शोधला. आपल्याला शब्द नवा आहे, पण रस सोडणं काही नवं नाही. सहा बाह्य तपांत रसपरित्याग आहेच. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. यांतला एखादा ठरावीक दिवशी, चातुर्मासात किंवा जन्मभरासाठी सोडणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत.

माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. गेली कित्येक वर्षं गुरुवारी दूध आणि शुक्रवारी दही घेत नाहीत. पाहुण्यांच्या घरी गेल्या तरी नियम मोडत नाहीत. कुणी चहा पुढे केला की हात जोडून म्हणतात, "आज गुरुवार." समोरची बाई लगेच कप मागे घेते, कधी वाकून नमस्कारही करते. आणि नातीनं लग्नात पुरणपोळीवरचं तूप नको म्हटलं की तीच बाई म्हणते, "हे काय आता नवीन खूळ? दुधालासुद्धा नावं ठेवायची का आपण?"

दोघीही दूधच सोडतात. एकीच्या सोडण्याला आपण त्याग म्हणतो आणि दुसरीच्या सोडण्याला खूळ. मला हे फार खटकत होतं. नात काही बोलत नसे, पण हळूहळू तिनं ताट घेऊन खोलीत बसायला सुरुवात केली. चार दिवसांसाठी यायची ती दोन दिवसांत परत जायला लागली. भात, आमटी, कोरडी भाकरी एवढंच खाऊन उठायची. घरात गोडधोड होई तेव्हा तिच्या ताटात ती जागा रिकामी. वाद घालण्यात माझा जीव रमत नाही. माझं काम स्वयंपाकघरातलं. तिच्या ताटातली ती रिकामी जागा भरावी, म्हणून मी हे फ्रूट सॅलड बसवलं.

दुधाचा हिशेब

कृतीआधी दुधाबद्दल थोडं लिहिते. आमचं मूळ घर शेतकऱ्याचं. सांगलीला राहायला येईपर्यंत दारात गोठा होता, तीन-चार म्हशी असत. सकाळ-संध्याकाळ दूध गावच्या डेअरीला जाई. दर दहा दिवसांनी बिल येई आणि ते वहीत लिहायचं काम माझं, कारण घरात कॉमर्स शिकलेली मीच. मुलांच्या कॉलेजच्या फिया त्या वहीतूनच भरल्या गेल्या. त्यामुळे दुधाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या धर्मातही दूध भक्ष्यच आहे. मर्यादेतलं दूध साधूंच्या आहारातही चालतं. काढल्यापासून एका मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत ते तापवलं पाहिजे. गोठा दारात होता तोवर हे सहज जमत होतं. आता पिशवीतलं दूध कधी काढलं, कुठून कुठे फिरलं, कोण सांगणार? सासूबाई तर पिशवीच्या दुधाला मनापासून दूध मानतच नाहीत.

पण वहीला दोन बाजू असतात. नातीनं एकदा मला सरळ विचारलं, "आजी, म्हैस व्याल्यावर पारडी झाली तर ती तुम्ही ठेवायचात. टोणगा झाला तर त्याचं काय व्हायचं?" मी तिला खरं तेच सांगितलं. पारडी झाली की घरात आनंद व्हायचा. टोणगा झाला तर दूध उतरण्यापुरतं त्याला आईला लावायचं आणि थोडा मोठा झाला की तो बाजारात जायचा. त्याच्या पुढे काय होतं हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. ट्रॅक्टर आल्यावर तर शेतातही त्याचं काम उरलं नाही. आजही बहुतेक ठिकाणी तसंच चालतं.

नात म्हणाली, "म्हणून सोडलं."

एवढंच बोलली. पुढे एकही शब्द नाही. डेअरीच्या वहीत जमेच्या बाजूला किती लिटर, किती फॅट, किती रुपये हे सगळं मी लिहिलंय. त्या टोणग्यासाठी वहीत रकानाच नव्हता. नातीनं तो रकाना आखला, असं मला वाटतं. तो आखल्यावर बेरीज काय येते, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी चहात अजूनही दूध घालते. पण तिच्या सोडण्याला खूळ म्हणू देत नाही.

व्हीगन म्हणजे जैन नव्हे

हे मात्र नातीलाही सांगावं लागलं. दुकानातून 'व्हीगन' लिहिलेलं काहीही आणलं म्हणजे आपल्याला चाललं, असं होत नाही. त्यात लसूण, कांदा, बटाटा, अळंबी असू शकते. बिनअंड्याच्या मेयोनीजच्या बाटलीतही लसूण सापडतो, आणि पुष्कळदा दुधाची पावडरही. उलट, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून व्हीगन मुलींनी निर्धास्त राहू नये. आपल्या देशाच्या नियमात दूध आणि मध हे दोन्ही हिरव्या ठिपक्यात बसतात. मधाचं ऐकून मीही चमकले होते. मध आपल्याला वर्ज्य, म्हणजे हिरवा ठिपका आपल्यालाही पुरेसा नाही. मागची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये काढले. त्यांची खूण वेगळी आहे, हिरव्या रंगातलं व्ही अक्षर आणि त्यावर छोटं पान.

एवढं सगळं वाचत बसण्यापेक्षा घरी केलेलं बरं. काय घातलं ते आपल्याला माहीत असतं.

साहित्य, तीन वाट्यांसाठी

मलईसाठी:
काजू ३० ग्रॅम (साधारण २० ते २२ अख्खे काजू)
मलईचं शहाळं १
बेदाणे २० ग्रॅम (एक मोठा चमचाभर)
लिंबाचा रस अर्धा लहान चमचा
वेलदोड्याची पूड दोन चिमटी
मीठ अगदी चिमूटभर

फळं:
केळं १
सफरचंद अर्धं
चिकू १
पपईच्या फोडी १ लहान वाटी
डाळिंब अर्धं
द्राक्षं १५

फळं चिरून साधारण पावणेपाचशे ग्रॅम भरतात. मलई दीडशे ग्रॅमच्या आसपास होते. प्रत्येकी तीन मोठे चमचे मलई येते आणि ती पुरते.

शहाळं घेताना गाडीवाल्याला 'मलईचं द्या' असं स्पष्ट सांगा. पाण्याचं शहाळं हलवलं तर आवाज येत नाही, आत पाणी गच्च भरलेलं असतं आणि मलई नावालाच असते. आपल्याला मऊ, चमच्यानं सहज निघेल अशी मलई हवी. खोबऱ्यासारखी कडक झाली असेल तर ती वाटल्यावर रवाळ लागते. आमचा गाडीवाला शहाळ्यावर टिचकी मारून बरोबर काढून देतो.

बेदाणे आम्ही सांगलीकर, त्यामुळे घरात असतातच. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. हिरवट सोनेरी बेदाणा घ्या, म्हणजे मलईचा रंग पांढरा राहतो. काळ्या मनुका घातल्या तर चव चांगली लागते पण रंग मातकट येतो. साखर अजिबात लागत नाही.

अंजीर घालू नका. उंबर, वड, पिंपळ यांच्याच जातीचं फळ म्हणून आपल्या बहुतेक घरांत ते वर्ज्य आहे. व्हीगन कृतींमध्ये मात्र ते आणि मेपलचा पाक सारखा दिसतो. गोडीसाठी आपला बेदाणा पुरे.

कृती

पाणी गाळून उकळा. काजू आणि बेदाणे आधी बघून घ्या, काजू दोन पाकळ्या करून आतून तपासा, कारण काजूच्या पोटात कधीकधी जाळं असतं. मग दोन वेगळ्या वाट्यांत उकळतं पाणी घालून भिजवा. काजूला अर्धा तास पुरतो. रात्रभर भिजवायची काही गरज नाही. रात्रभर पाण्यात पडलेलं मला स्वतःलाही चालत नाही, आणि गरम पाण्यात अर्ध्या तासात काजू बोटानं दाबला की मोडतो. बेदाणे दहा मिनिटांत फुगतात.

वाटताना मिक्सरचं चटणीचं लहान भांडं घ्या. थोडक्या प्रमाणात काही करायचं तर खरी अडचण इथेच येते. मोठ्या भांड्यात ३० ग्रॅम काजू कडेला उडून बसतात आणि पात्याखाली काही येतच नाही. लहान भांड्यात काजू, बेदाणे आणि दोन मोठे चमचे शहाळ्याचं पाणी घाला. आधी एवढंच वाटा. भांडं उघडून कडेचं खाली ओढा, परत वाटा. बोटावर घेऊन चोळलं की कण लागू नये, इतपत गुळगुळीत झाल्यावरच शहाळ्याची मलई घाला. आधीपासून सगळं एकदम घातलं तर मलई पातळ होते आणि काजूचे कण तसेच राहतात. शेवटी लिंबाचा रस, वेलदोडा, मीठ. लागलं तर आणखी एक चमचा शहाळ्याचं पाणी.

गाळायची गरज पडत नाही. काजूत जवळपास निम्मा स्निग्धांश असतो, आणि बदाम-शेंगदाण्यापेक्षा त्यात पिष्ठ बरंच जास्त असतं. त्यामुळे चोथा न उरता तो दाटसर होतो. ही मलई दहा-पंधरा मिनिटं ठेवली की आणखी घट्ट होते, म्हणून करताना जरा सैलच ठेवा. लिंबाचा रस वगळू नका. लिंबामुळे नुसता काजूकतलीसारखा वास न येता किंचित आंबूस चव येते आणि फळांना उठाव येतो.

फळं शोधून, धुऊन, पुसून घ्या. पुसणं महत्त्वाचं. ओल्या फळावर मलई बसत नाही, खाली घसरून वाटीच्या तळाशी पाणी होतं. द्राक्षं उभी कापून बघा. डाळिंबाचे दाणे थोडे फडक्यावर पसरून ठेवा. सफरचंद आणि केळं सगळ्यांत शेवटी चिरा, कारण हवा लागली की ती काळी पडतात. चिरल्याबरोबर दोन थेंब लिंबू चोळलं की रंग राहतो. फळांवर मीठ किंवा साखर भुरभुरू नका, दोन्हींमुळे फळांचं पाणी सुटतं.

पपई आणि अननस या फळांचा दुधाशी उभा दावा. कच्च्या अननसात आणि पपईत प्रथिनं तोडणारे पाचक घटक असतात. त्यामुळे ती दुधात घातली की दूध नासतं किंवा कडवट होतं. म्हणून कस्टर्डात आपण अननस घालायचा तर शिजवून घालतो. इथे दूधच नाही, त्यामुळे पपई बिनघोर घाला. आंबट फळं आणि दूध एकत्र खाऊ नये असं आयुर्वेदही सांगतो. द्राक्षं जरा आंबट निघाली तरी इथे तीही चिंता नाही.

मलई फळांत कालवू नका. वेगळ्या वाटीत ठेवा आणि ज्याची त्याला वाढा. याचं कारण पुढे सांगते.

थोडंच का करायचं

एकतर हे टिकत नाही. शहाळ्याची मलई लवकर आंबते, चिरलेलं फळ काळवंडतं, आणि मलई घातल्यावर अर्ध्या तासात वाटीत पाणी सुटतं. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खायचा हा पदार्थच नाही. आपल्या मर्यादेच्या विचारातही ते बसत नाही. केलं, खाल्लं, भांडी घासली. आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला, सूर्यास्ताच्या आत जेवणाबरोबरच वाढते.

दुसरं कारण हिशेबाचं. मी केलं त्या दिवशी शहाळं ५० रुपये, काजू ९०० रुपये किलोनं ३० ग्रॅमचे २७, बेदाणे ८, लिंबू-वेलदोडा धरून ९० रुपयांच्या आत मलई झाली. तेवढ्याच तीन वाट्यांसाठी दुधाचं कस्टर्ड केलं तर दूध, साखर, पावडर मिळून २५ रुपयांत होतं. म्हणजे ही मलई साडेतीनपट महाग. शहाळ्याचं उरलेलं पाणी सासूबाई पितात, ते वजा केलं तरी महागच. उगाच 'स्वस्त आणि मस्त' म्हणून मी तुम्हाला सांगणार नाही. पातेलंभर करून उरवायला हे परवडत नाही, म्हणून मोजून करायचं.

मोजून करण्यात मला एक समाधान आहे. तपांच्या यादीत अनशनानंतर ऊनोदरी येते, भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. ऊनोदरी खाणाऱ्यानं पाळायची हे खरं, पण पातेल्यातच जास्तीचं नसलं तर पाळायला सोपी जाते. 'अजून थोडं घे गं, संपवायचंय' हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आणि ऐकत आले. या सॅलडच्या वेळी ते म्हणावं लागत नाही.

तब्येतीचं

मुलीनं दूध सोडलं की आईला, आजीला पहिली काळजी हाडांची. ती रास्तच आहे. ही मलई दिसते दुधासारखी, पण दुधाचं काम करत नाही. १०० मिलिलिटर दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. काजू १०० ग्रॅम खाल्ले तरी त्याच्या निम्मंही मिळत नाही, आणि इथे एकेकीच्या वाट्याला आले जेमतेम १० ग्रॅम. म्हणून मी नातीला रोज नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी देते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात त्याहून पुष्कळ जास्त.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन बी १२. ते धान्य-भाजीत मिळत नाही. आपल्या शाकाहारी घरात येतं ते दूध-दह्यातूनच, आणि तेही अनेकींना कमी पडतं. दूध पूर्ण सोडणाऱ्यानं रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून बी १२ घ्यायलाच हवं. काजू, खजूर, मोड आलेली कडधान्यं हे त्याला पर्याय नाहीत. घेताना गोळी घ्या. कॅप्सूलचं वरचं आवरण पुष्कळदा जिलेटीनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर ते बघून सांगतात. नातीनं तपासणी केली, गोळी सुरू केली, आणि त्यानंतर घरातले पुरुष जरा शांत झाले.

गुरुवारचा प्रश्न

आता मलई वेगळी का ठेवायची ते.

नात सुटीत आली होती आणि नेमका गुरुवार होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, आज सासूबाईंना दूध नाही आणि नातीला तर कधीच नाही. दोघींना एकच वाटी चालेल. तिघींच्या वाट्या भरून पाटावर आणून ठेवल्या. नातीनं पहिला चमचा तोंडात घातला आणि नुसती माझ्याकडे बघून हसली.

सासूबाईंनी वाटी उचलून वास घेतला. मला विचारलं, "यात दूध नाही?"

"नाही. काजू आणि शहाळं."

त्यांनी मलईकडे एकदा बघितलं आणि वाटी खाली ठेवली. "अगं, गुरुवारी दूध सोडलंय ते जीभ ताब्यात राहावी म्हणून. तू त्याच गोडीचं दुसरं करून घातलंस, तर मी सोडलं काय?"

मी गप्पच झाले. नातच बोलली. "पणजी, मी चवीसाठी नाही सोडलं. मला गोड आवडतं. माझ्यासाठी कुणाचं रेडकू उपाशी राहू नये, एवढंच मला हवं."

सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी तिला परत सांगायला लावलं. मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. गोठ्याची सगळी कामं त्यांनी चाळीस वर्षं स्वतःच्या हातांनी केली आहेत. टोणगा दोरीला धरून नेताना म्हैस कशी हंबरते, हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांनी जास्त ऐकलंय. शेवटी मला म्हणाल्या, "तिला वाढ अजून. मला नुसती फळं दे."

मी त्यांना दुसऱ्या वाटीत कोरडी फळं दिली. डाळिंबाचे दाणे वेचून वेचून त्यांनी खाल्ले. त्यांची वाटी नातीनं संपवली. तेव्हापासून मी मलई वेगळी ठेवते.

त्या दिवशी मला जे दिसलं ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. दोघी एकच वस्तू सोडतात, पण एकीला स्वतःची जीभ जिंकायची आहे आणि दुसरीला एका मुक्या जिवाचा वाटा त्याला ठेवायचा आहे. सासूबाईंच्या नियमाला ही मलई अडचणीची, आणि नातीच्या नियमाला ती आधाराची. कुणाचा नियम मोठा हे मी ठरवत नाही, माझा तो अधिकारही नाही. स्वयंपाक करणारीला एवढंच कळायला हवं की समोरच्यानं काय सोडलंय आणि कशासाठी. 'काय' एवढंच विचारून भागत नाही.

शनिवारी सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, "ते पोरीचं फ्रूट सॅलड आहे का?" मी परत तीनच वाट्यांचं केलं. या वेळी त्यांनी मलई घेतली. म्हणाल्या, "बरं लागतंय. पण दुधाची सर नाही." नात म्हणाली, "नसू दे." त्या वेळी ती चार दिवस राहिली.

काही बारीकसारीक सूचना

अष्टमी-चतुर्दशीला ज्यांच्याकडे हिरवं आणि फळं वर्ज्य असतात त्यांनी हा पदार्थ त्या दिवशी टाळावा. रविवारी मीठ सोडणाऱ्यांनी चिमूटभर मीठही घालू नये, चवीत फार फरक पडत नाही.

शहाळं मिळालं नाही तर ओल्या नारळाचं घट्ट दूध तीन मोठे चमचे घ्या, आणि काजू ३० ऐवजी ४० ग्रॅम. मलई जरा जड होते, वेलदोडा थोडा वाढवा.

पावसाळ्यात मी हे करत नाही. फळांत अळी-किडीचं प्रमाण वाढतं आणि शोधून घ्यायला वेळ जातो. थंडी संपता संपता, तासगावकडची द्राक्षं बाजारात येतात तेव्हापासून उन्हाळाभर चांगला काळ.

आंब्याच्या दिवसांत बाकी सगळी फळं बाजूला ठेवून नुसत्या हापूसच्या फोडींवर ही मलई घालून बघा. तेव्हा बेदाणे निम्मेच घाला.

पुढचा प्रश्न मला नातीनं घालून ठेवलाय. महावीर जयंतीला आमच्याकडे शेवयांची खीर असते, ती तिला खाता येईल अशी कशी करायची? नारळाच्या दुधात एकदा केली, पण उकळी जोरात आली आणि दूध फुटलं. आता आच मंद ठेवून, नारळाचं दूध शेवटी घालून बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी केली असेल तर मला जरूर सांगा. प्रमाण मात्र तीन-चार वाट्यांचंच द्या.

जय जिनेंद्र.